दात असलेली अळिंबी

लोकांच्या तोंडात बघण्यात माझा जन्म गेला. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये माझा दातांचा दवाखाना आहे. पेशंट खुर्चीत बसून आ करतो, मी सुई उचलतो आणि ठरलेली थाप मारतो, "कुछ नहीं, बस चींटी काटेगी." हिरडीत सुई शिरते तेव्हा मुंगी चावल्यासारखं होत नाही, हे मला ठाऊक, कंपाउंडरला ठाऊक, आणि लगेचच पेशंटलाही कळतं. पण तोवर काम झालेलं असतं. ही थाप मारताना माझ्या चेहऱ्यावरची रेघ कधी हलली नाही, याचा मला थोडा गर्वच होता. माझ्या सुईला घाबरून कोणी खुर्चीतून उठून गेलंय, असं झालेलं नाही.

बायको कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. ती सांगलीकडची, लग्न होऊन उज्जैनला आलेली. आमचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी कारकुनी करायला म्हणून माळव्यात आले आणि इथलेच झाले. त्यामुळे आमची मराठी ऐकून सुरुवातीला ती तोंडाला पदर लावून हसायची. मी "जेवून राहिलोय" म्हटलं की सासरी आलेली नवी सून असूनही तिला राहवायचं नाही. नंतर नंतर तीच भाजीवाल्याशी भांडताना निम्मं हिंदी बोलायला लागली, मग हसायची पाळी माझी.

शिकवायची सगळं, पण जीव होता अळिंब्यांवर. आमच्याकडे ज्याला कुकुरमुत्ता म्हणतात आणि लाथेने उडवतात, त्यावर. पावसाळ्यातला आमचा एकही रविवार घरी गेला नाही. देवास ओलांडून बागलीच्या बाजूला गेलं की सागाचं जंगल लागतं. तिथे ही बाई चिखलात उताणी पडायची. कारण अळिंबीची ओळख वरून पटत नाही, खालून पटते. बहुतेकींना खालच्या अंगाला पातळ पट्ट्या असतात, काहींना चाळणीसारखी छिद्रं. आणि पूर्ण पाहून झाल्याशिवाय उपटायची नाही, हा तिचा कायदा. शेवटी तिच्या साड्यांची दशा बघवेना, म्हणून मी दवाखान्यातला दात तपासायचा छोटा गोल आरसा तिला आणून दिला. लांब दांडीचा. तो आरसा जमिनीलगत सरकवला की अळिंबीचं पोट उभ्याउभ्या, निदान बसल्याबसल्या, दिसायचं. आयुष्यात मी तिला पुष्कळ वस्तू दिल्या, त्यांतली हीच तिला मनापासून आवडली. तो आरसा तिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी असायचा.

मला स्वतःला त्या कुकुरमुत्त्यांत काडीचा रस नव्हता. मी छत्री धरायचो, डास मारायचो आणि वाटेतल्या पोहे-जलेबीची वाट बघायचो. रस मला तिच्यात होता. इतक्या वर्षांत हे तोंडाने कधी म्हटलं नाही, आता लिहायला हरकत नाही.

आमचं भांडण व्हायचं ते चवीवरून. काही अळिंब्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, त्या जिभेने ओळखाव्या लागतात. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा, पुढच्या दातांनी चावायचा, थोडं थांबायचं, थुंकायचं आणि चूळ भरायची. ज्या अळिंबीच्या सगळ्या खानदानात जीवघेणं कोणी नाही अशी तिला खात्री असेल, तिच्याच बाबतीत ती हे करायची. छत्रीसारख्या दिसणाऱ्या अनोळखी अळिंबीला तर हातही सांभाळून लावायची. तरीही मी ओरडायचो. लोकांना तोंडात भलतंसलतं घालू नका हे सांगण्यावर माझं पोट, आणि घरची बाई जंगलातलं लाकूड चघळतेय. ती शांतपणे थुंकून म्हणायची, "तुम्ही लोकांच्या तोंडात बोटं घालता, मी कधी काही बोलले का?"

ती निवृत्त झाली आणि थोड्याच दिवसांत गळ्याला गाठ निघाली. पूर्ण उन्हाळा आम्ही उज्जैन-इंदूर करत होतो. इकडे सगळे रेडिएशनला सिकाई म्हणतात, जणू गुडघाच शेकायचाय. त्या सिकाईने तिचा आवाज बसला, आणि चव गेली. आधी गोड गेलं, मग खारट, मग सगळंच. वरणभात आणि ओला पुठ्ठा यांत आता फरक उरला नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं, परत येईल. काहींची येते, हे खरं आहे.

सिकाई संपली त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं. गाठ ऐकत नाहीये, असं ते म्हणाले. मी विचारलं, किती? त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याची आशा धरू नका. मी आत आलो. ती पलंगावर बसून चप्पल शोधत होती. "काय म्हणाले?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ठीक चाललंय म्हणाले. वेळ लागेल." तिने माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाली आणि चप्पल पायात घातली.

त्या भादव्यात तिने जंगलाचा हट्ट धरला. मी नाही म्हटलं, मुलीने बंगळूरहून फोनवर नाही म्हटलं. "मम्मी, पागल झाली आहेस का तू?" असं स्पीकरवर ऐकू आलं. बाईसाहेब तयार होऊन व्हरांड्यात बसलेल्या. शेवटी गाडी काढली. देवासच्या पुढे ती एकदम ताजी झाली, काच खाली करून ओल्या पाल्याचा वास घेत राहिली. वास तेवढा राहिला होता तिला.

रस्त्यापासून फार आत जायची ताकद नव्हती. माझ्या दंडाला धरून ती हळूहळू चालली. एका नाल्याच्या कडेला मोहाचं जुनं झाड उन्मळून आडवं पडलं होतं. त्याच्या खोडावर सायीच्या रंगाचे जाड थर, एकावर एक, भिंतीला मारलेल्या फळ्यांसारखे निघाले होते. वरून बारीक लव. मी म्हटलं, हे तर पाहिलंय आपण मागे. तिने पर्समधून आरसा काढला, पण हात थरथरत होता, आरशात नुसतं आभाळ हलत होतं. मग मी तिचा हात धरला आणि आरसा खाली सरकवला.

पट्ट्या नव्हत्या. छिद्रं नव्हती. खालच्या अंगाला दाटीवाटीने बारीक मऊ दात लोंबत होते, हजारोंनी, टोकाला अणकुचीदार.

"अहो, दात!" ती म्हणाली. बसलेल्या आवाजात ओरडली असं म्हणायला हवं. "बघा ना, तुमचेच पेशंट!"

मी म्हटलं, "सगळे सुळेच आहेत. मुंह बहुत बड़ा खोलना पड़ेगा." ती हसली, हसता हसता खोकली, आणि खोडावर हात टेकून उभी राहिली. उन्हाळाभर मी तिला असं पाहिलं नव्हतं. मी बरोबर नेलेल्या सर्जिकल ब्लेडने एक थर कापून कागदात गुंडाळला.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलाची प्रयोगशाळा झाली. मुलीला फोटो पाठवला तर तिने तो कुठल्याशा ॲपमध्ये घातला आणि ॲपने सांगितलं की ही समुद्रातली स्पंज आहे. बायकोने तो मेसेज मला पुन्हा पुन्हा वाचायला लावला आणि प्रत्येक वेळी खुश झाली. रात्रभर दात खाली करून अळिंबीचा तुकडा वाटीखाली झाकून ठेवायचा असतो, म्हणजे तिची पूड गळते आणि पुडीचा रंग कळतो. काळा कागद घरात नव्हता. मी दवाखान्यातला एक जुना एक्स-रे आणला. सकाळी वाटी उचलली तर कोणाच्या तरी जबड्यावर पांढरी शुभ्र धूळ पसरली होती.

पण पांढऱ्या धुळीने प्रश्न सुटत नव्हता. तिने मला समजावून सांगितलं, वर्गात सांगायची तसं, फक्त प्रत्येक वाक्यानंतर पाणी पीत. या दात असलेल्या अळिंब्यांत दोन बहिणी आहेत. एक उष्ण मुलखातली, ती आपल्याकडे निघू शकते, तिचं नवल नाही. दुसरी थंड मुलखातली, ती या सागाच्या जंगलात तिने कधी पाहिली नव्हती, कोणी पाहिल्याचं ऐकलंही नव्हतं. दोघींची पूड पांढरीच. सूक्ष्मदर्शकाखाली फरक कळतो, पण त्यासाठी केसाहून पातळ काप काढावा लागतो, आणि तिच्या हातून आता पावाचाही काप नीट निघत नव्हता. कॉलेजात दुसऱ्या कुणाला द्यायला ती तयार नव्हती. "माझं आहे हे," म्हणाली. असा हट्ट तिने सोन्यानाण्यासाठी कधी केला नाही.

"मग आता?"

"आता चव," ती म्हणाली. "थंड मुलखातली कडू असते. लगेच नाही लागत, थोडं थांबावं लागतं. दुसरी नसते कडू."

आणि ती माझ्याकडे बघत राहिली. तिची जीभ गेली होती, आता माझी हवी होती.

इतकी वर्षं या गोष्टीवरून भांडलेला मी, मुकाट्याने खुर्ची ओढून बसलो. तिने ब्लेडच्या टोकावर दाण्याएवढा तुकडा दिला. मी तो जिभेवर घेतला आणि पुढच्या दातांनी चावला. काहीच लागलं नाही. ओल्या लाकडाचा वास नाकात आला तेवढाच. "थांबा," ती म्हणाली, "घाई नको." तिचे दोन्ही हात टेबलावर होते आणि ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की जणू तिथून कोणी बाहेर येणार आहे.

आणि मग कडू आलं. जिभेच्या मागून, घशाकडून. दाढ सुजलेल्यांना मी जी गोळी रोज लिहून देतो, ती चघळली तर लागेल तसं कडूजहर. शंकेला जागाच नव्हती.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो. ही बाई काम अर्धं टाकून उठणाऱ्यांतली नव्हती. विणायला घेतलेला स्वेटर, तपासायला घेतलेले पेपर, मुलीच्या लग्नात रुसलेल्या मावशीची समजूत, काहीही. ताप असो, पाहुणे असोत, हातातलं संपवूनच ती पाठ टेकायची. मला वाटलं, हे संपलं तर हिच्याकडे धरून ठेवायला काय उरलं? नाव सापडलं की ती निवांत होईल. मला तिचं निवांत होणं नको होतं. अर्धं राहिलं तर कदाचित राहील, या नावापायी तरी राहील. डॉक्टर म्हणाले होते पुढचा पाऊस नाही. मला तो हवा होता. शिकलेला माणूस असा विचार करतो का? करतो. त्या खुर्चीत बसून बघा.

"थुंका आता," ती म्हणाली. मी थुंकलो, चूळ भरली.

"काय लागलं?"

"काही कळून नाही राहिलं," मी म्हटलं. "थोडं काहीतरी आहे, पण कडू म्हणता येत नाही. तुकडा शिळा झाला असेल. पुढच्या पावसात ताजा आणू, तिथल्या तिथे बघू."

तिने ब्लेड पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बरं. पुढच्या पावसात बघू."

उरलेला तुकडा तिने उन्हात वाळवला आणि कागदी पाकिटात घातला. तिच्या कपाटात अशी ढीगभर पाकिटं होती, प्रत्येकावर नाव. नाव नसलेलं पाकीट कपाटात जात नसे. म्हणून हे खिडकीत राहिलं, वर काहीही न लिहिलेलं. रोज सकाळी चहा घेताना मी आधी त्या पाकिटाकडे बघायचो. कोरं आहे तोवर ठीक आहे, असं वाटायचं. खोटं बोललो याचं मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

दिवाळी झाली. थंडी पडली. पेज सोडून काही गिळवेना, आणि आवाज इतका खाली गेला की कान तिच्या ओठांशी न्यावा लागे. दुपारी मी तिला गच्चीवर उन्हात बसवायचो. अशाच एका दुपारी, मी पेज निवत ठेवून चमच्याने ढवळत होतो, तेव्हा तिने माझी बाही ओढली.

"ती कडू होती ना?"

"कोण?" मी म्हटलं.

तिने बाही सोडली नाही.

"होती," मी म्हणालो. "खूप कडू होती."

"मला तेव्हाच कळलं."

"कसं काय?"

ती थांबली. थोडा श्वास घेतला. "तुमचा चेहरा एकदम साफ झाला. पेशंटला मुंगी चावेल म्हणता, तेव्हा होतो तसा." पुन्हा थांबली. "इंदूरला डॉक्टरांकडून आत आलात, तेव्हा पण तसाच होता."

म्हणजे चप्पल शोधत होती तेव्हापासून तिला सगळं माहीत होतं. "मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्हाला पुढचा पाऊस हवा होता," ती म्हणाली. "म्हटलं, असू दे. यांच्यापुरता असू दे."

मी रडलो. साठी उलटलेला माणूस, हातात पेजेचा चमचा, गच्चीवर, शेजारच्या भाभी पापड वाळत घालताना बघताहेत, आणि मी हमसून हमसून रडलो. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "पेज गार होतेय."

खाली आल्यावर तिने पाकीट मागितलं. पेन मला धरायला लावलं आणि ते लांबलचक लॅटिन नाव एकेक अक्षर सांगत लिहून घेतलं. मधे मी एक अक्षर चुकलो तर डोळे वटारले. ते नाव मी इथे लिहीत नाही. पुन्हा एखादं अक्षर चुकवीन, आणि आता डोळे वटारायला कोणी नाही. खाली जागा लिहिली, मोहाचं खोड लिहिलं, आणि शेवटी तिने सांगितलं, "चव कडू. कोणी पाहिली ते लिहा." मी माझं नाव लिहिलं. "कॉलेजात नव्या मॅडमना द्या," म्हणाली. "चुकलं असेल तर त्या सांगतील." आणि पाठ टेकली.

त्या आठवड्यात ती गेली. हातातलं संपवून गेली. गाठीने गेली हे मला कळतं, पाकिटावर नाव पडलं म्हणून नाही. तरी ते पेन मी घरातून टाकून दिलं.

दिवस राम घाटावर केले. दुरून दुरून लोक आपली माणसं पोहोचवायला आमच्या गावात येतात, ते मी लहानपणापासून बघत आलो. शाळेत जाताना त्यांच्या गर्दीतून सायकल काढायचो, घंटी वाजवून. त्या दिवशी मी पायरीवर बसलो होतो आणि कोणीतरी तसाच घंटी वाजवत मागून गेला. गुरुजी विचारत होते, त्यांना काय आवडायचं, पानात ठेवायचंय. मुलीने मला विचारलं. मला जलेबी आठवली, पोहे आठवले, पण ती माझी आवड होती. तिची आवड मी तिला कधी विचारली नव्हती असं नाही, पण चव गेल्यानंतर तिने सांगायचं सोडलं होतं. शेवटी वरणभात ठेवला.

पाकीट नव्या मॅडमना दिलं. त्यांनी काप काढून पाहिला आणि फोनवर सांगितलं, "सर, मॅडम बरोबर होत्या." मी थँक्यू म्हटलं. पुढे त्या काय बोलल्या ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

यंदा पाऊस वेळेवर आला. मी जाणार नव्हतो. भादव्यातल्या एका रविवारी कंगव्याशेजारचा आरसा उचलला आणि गाडी काढली. वाटेत पोहे घेतले नाहीत. मोहाचं खोड तिथेच होतं, जरा जास्त कुजलेलं. वर सायीच्या रंगाचे थर आले होते, मागच्यापेक्षा कमी. मी चिखलात बसलो, आरसा खाली सरकवला. दात होते. माझा हात थरथरत नव्हता, तरी आरशात काही नीट दिसेना.

ब्लेडने दाण्याएवढा तुकडा काढला, जिभेवर ठेवला, पुढच्या दातांनी चावला. आधी काहीच लागलं नाही. मी थांबलो, घाई केली नाही. मग घशाकडून कडू आलं, तेच, तसंच. "कडू आहे," मी मोठ्याने सांगितलं. थुंका आता, असं म्हणायला शेजारी कोणी नव्हतं, म्हणून बराच वेळ तो तुकडा तोंडातच राहिला.